बत्तीस वजा करायचे राहिले

सरकारने मला दिलेला पहिला थर्मामीटर मी चहा ढवळताना फोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी बरेच दिवस त्या फुटक्या थर्मामीटरवर फोडत होतो. आणि त्याच्याही आधी, एका म्हातारीवर.

मी तेव्हा ग्रामसेवक होतो. विकास योजनेची ही नवी नोकरी. गावोगाव सायकलवर फिरायचं, खत, बियाणं, शोषखड्डे यांविषयी लोकांना सांगायचं आणि संध्याकाळी डायरीत लिहायचं की लोकांनी उत्साह दाखवला. मी मूळचा वऱ्हाडातल्या रिठदचा. घरात 'काहून' आणि 'कायले' बोलणारा. पण सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आलो आणि 'कशामुळे' म्हणू लागलो. खाकी अर्धी चड्डी, छातीच्या खिशात पेन, पेनाच्या बाजूला थर्मामीटर. तो कशासाठी दिला हे लोकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझा मान वाढला होता.

मालेगावच्या मोटार स्टँडसमोर एका चाचांचं चहाचं दुकान होतं. तिथे एकदा चार लोकांत शान मारायची म्हणून मी थर्मामीटर काढून चहात बुडवला.

"चाय को बुखार आया क्या, बाबू?" चाचांनी विचारलं.

सगळे हसले. मी भाव खात ती कांडी पितळी पेल्यात गरगर फिरवली आणि टक् करून तिचं टोक गेलं. पाऱ्याचे गोळे टेबलावरून चारी दिशांना पळाले. चाचांनी चहा फेकला, पेला राखेनं तीनदा घासला आणि म्हणाले, "अब इसका बुखार हमेशा के लिए उतर गया."

वर कळवायचं तर 'चहात फुटला' असं लिहावं लागलं असतं. म्हणून मी मालेगावच्या शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांकडे गेलो आणि त्यांच्या कपाटातला थर्मामीटर उसना घेतला.

"हा सेंटिग्रेडचा आहे बरं का," मास्तर म्हणाले. "तुमचा फॅरनहाइटचा होता."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

आणि खरंच ठाऊक होतं, अर्धवट. सेंटिग्रेडचे शंभर अंश म्हणजे फॅरनहाइटचे एकशे ऐंशी, म्हणून पाचाने गुणायचं आणि नवाने भागायचं, हे मला तोंडपाठ होतं. पाणी एका मापात शून्यावर गोठतं आणि दुसऱ्यात बत्तीसवर, म्हणून ते बत्तीस आधी वजा करायचे असतात, हेही मी कधीकाळी परीक्षेत लिहिलं होतं. पण वऱ्हाडात पाणी गोठवायला कोण बसलंय? ते बत्तीस माझ्या डोक्यातून वाफ होऊन गेले होते.

त्या वर्षी गव्हावरच्या काणीचा बंदोबस्त करायचा हुकूम होता. काणी म्हणजे ओंबीत दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती. हा रोग बियाच्या पोटातच असतो, वरून राख चोळून जात नाही. आम्हाला दिलेल्या पत्रकात उपाय असा होता: बी चार तास गार पाण्यात भिजवायचं, मग एकशे एकोणतीस अंश फॅरनहाइटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून काढायचं आणि सावलीत वाळवायचं. तेवढ्या उष्णतेत काणी मरते, गहू जगतो. पाणी थोडं कमी तापलं तर काणी जगते. थोडं जास्त तापलं तर गहूही मरतो. पत्रकात हे वाक्य ठळक छापलं होतं.

मी खोली घेऊन राहत होतो त्या गावात पहिलं प्रात्यक्षिक करायला कोणी बी देईना. शेवटी दिलं ते मावशींनी.

मावशी माझ्या कोणी नव्हेत, माझ्या खोलीच्या भिंतीला त्यांची भिंत लागून होती एवढंच. एकट्या राहत. तीन एकर काळी जमीन होती, ती वाट्याने करवून घेत, पण बी मात्र स्वतः जपत. बनशी गहू, लांबट, मधासारख्या रंगाचा. त्याच्या शेवया ताटात एकमेकींना चिकटत नसत. ते बी त्यांना सासूकडून मिळालेलं, सासूला तिच्या सासूकडून. पेरणीच्या वेळी अर्धं गाव त्यांच्याकडून मूठ-मूठ नेई आणि आपल्या बियात मिसळी. कारण मावशींच्या हाताला गुण आहे, अशी ख्याती. आणि ती ख्याती नुसती गव्हावरून आलेली नव्हती. गावातल्या प्रत्येक लेकराला पहिले चाळीस दिवस न्हाऊ घालायच्या त्या. पाण्यात आधी कोपर बुडवायच्या, क्षणभर थांबायच्या, मग म्हणायच्या, "हां, आता." चाळीस दिवसांनी चोळी-बांगडी मिळे, पण त्यांना त्याचं विशेष वाटत नसे. रस्त्यानं जाणाऱ्या मिशीवाल्या पाटलालाही त्या म्हणू शकत, "तुह्या टाळूवर तेल म्या घातलं हाय," आणि पाटील मान खाली घाली.

प्रात्यक्षिक त्यांच्याच अंगणात झालं. दोन तांब्याचे हंडे, तीन दगडांची चूल, पाच-पंचवीस माणसं. मी डायरीत हिशेब केला: एकशे एकोणतीस गुणिले पाच भागिले नऊ. बहात्तर. काड्या सारल्या, पारा बहात्तरवर आणला आणि लोकांकडे असं पाहिलं, की जणू पारा मीच वर चढवला.

मावशींनी भिजलेल्या गव्हाचं गाठोडं उचललं. बुडवण्याआधी सवयीनं कोपर पाण्याकडे नेला आणि झटकन मागे घेतला.

"बापू, पानी लय कढत हाय. हाताले सोसत नाही, गव्हाले कसं सोसन?"

"मावशी, शास्त्र कोपरानं मोजत नसतात," मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो. मी हसलो म्हणून लोक हसले.

मावशींनी गाठोडं बुडवलं, मी घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं झाल्यावर "काढा" म्हणालो. असं सहा वेळा. त्यांचं सगळं बी मी त्या एका सकाळी शिजवलं. संध्याकाळी त्यांच्या बोटांवर फोड आलेले दिसले, तेव्हा मी माझ्या औषधाच्या पेटीतलं मलम नेऊन दिलं. त्या मलमाची माझ्या डायरीत नोंद आहे. फोड कशानं आले याची नाही.

पेरणी झाली. आठ दिवसांनी शेजारच्या वावरांत हिरव्या रेघा दिसू लागल्या. मावशींचं वावर काळंच. बाराव्या दिवशी वाटेकऱ्यानं उकरून पाहिलं, दाणे मऊ पडून कुजले होते. तीन एकरांत कोंब नाही.

आता इथे मी काय केलं ते ऐका. पारावर लोक विचारत होते, "बापू, हे झालं कसं?" मला तेव्हा चूक कळली नव्हती, हे खरं. पण माझ्याकडून काहीतरी चुकलं असणार, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. तरी तोंडातून निघालं ते असं: "पाणी मी बरोबर मापलं होतं. मावशींनी गाठोडं जरा जास्त वेळ ठेवलं असेल."

एवढंच वाक्य. वरच्या कचेरीला पाठवलेल्या अहवालात तेच जरा नटवून लिहिलं: 'लाभार्थीच्या हयगयीमुळे उगवण झाली नाही.'

गावानं माझ्या वाक्याचं आपल्या भाषेत भाषांतर केलं. मावशींच्या हाताचा गुण गेला. दोन बायकांनी पाणवठ्यावर ठरवलं, की ज्या हातानं जितं बी मारलं तो हात लेकराच्या टाळूवर नको. त्या हिवाळ्यात गावात तीन बाळंतपणं झाली. तिन्ही घरी पलीकडच्या आळीतली बाई न्हाऊ घालायला गेली. मावशी सकाळी उठून दारात बसत आणि कुठल्या घरातून लेकरू रडल्याचा आवाज आला की तिकडे बघत.

मी एकदा तोंडदेखलं म्हणालो, "मावशी, मनाला लावून घेऊ नका."

"असन बापू," त्या म्हणाल्या. "तुमच्या घड्याळात दहाच मिनिटं झाले, मंग माह्याच हातानं झालं असन."

वैशाख आला. नवे पैसे येऊन लोक अजून चार आण्यांचे किती यावरून भांडत होते, तोच वर्तमानपत्रात हवामानही नव्या मापात येऊ लागलं. पेपर जऊळक्याच्या स्टेशनवर उतरून मालेगावला दुपारी पोचे. चाचांच्या दुकानात तो मोठ्यानं वाचला जाई. त्या दिवशी वाचणारा थबकला. "अकोला, चव्वेचाळीस!"

"काल तो एक सौ बारा था," चाचा म्हणाले. "सरकार ने धूप भी कम कर दी?"

"मंग मले काहून भाजून राह्यलं?" एका हमालानं पाठीवरचं पोतं टेकवत विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावोगाव अक्कल वाटणारा माणूस बसला असताना दुसऱ्याला कोण विचारणार? मी चाचांचा खडू घेतला आणि उधारी लिहायच्या फळीवर मांडलं: एकशे बारा गुणिले पाच भागिले नऊ. उत्तर आलं बासष्ट.

"पेपरात चव्वेचाळीस लिहिलंय," कोणीतरी म्हणालं.

"छापणाऱ्याची चूक," मी म्हणालो.

कोपऱ्यात शास्त्राचे मास्तर बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, माझ्या हातातून खडू घेतला आणि एकशे बाराच्या खाली बत्तीस लिहिले. "आधी हे काढा. राहिले ऐंशी. आता करा तुमचं पाच नवमांश."

चव्वेचाळीस.

"बासष्टला तर आपण इथे बसल्या बसल्या उकडून निघालो असतो, साहेब," मास्तर म्हणाले.

दुकानात हशा पिकला. मीही हसलो, कारण अशा वेळी हसायची मला सवय होती. पण मी खडू परत घेतला आणि हात फळीवर आपोआप चालू लागला. एकशे एकोणतीसमधून बत्तीस गेले, सत्त्याण्णव. गुणिले पाच, भागिले नऊ. चोपन्न. मी पाणी बहात्तरवर नेलं होतं. खडू ठेवून मी माझा चहा तसाच दूर सारला.

"काय झालं? चाय को फिर बुखार?" चाचांनी विचारलं.

तिथून उठून मी सरळ मावशींकडे गेलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. मी गेलो नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज त्यांच्या दारावरून सायकल न्यायचो आणि घंटी वाजवायचो, जणू घाई आहे. अडवलं मला कोणी नव्हतं. फक्त इतका मोठा मूर्खपणा कोणत्या तोंडानं सांगायचा, हे ठरत नव्हतं.

श्रावणात बायको आणि चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे राहायला आले. तिचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून आमच्याच घरी व्हायचं होतं. एक दिवस ती म्हणाली, "शेजारच्या मावशी चांगल्या वाटतात हो. पण सगळ्या म्हणतात, न्हाऊ घालायला त्यांना बोलावू नका. हातगुण गेलाय."

मी तिला सगळं सांगितलं. ती जेवणाचं ताट वाढत होती. भात वाढायचा थांबला.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "जेवण राहू द्या. आधी तिकडं जाऊन या."

मावशी सुपात तूर निवडत होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि बत्तीसाची गोष्ट सांगितली. त्या खडे वेचत राहिल्या.

"म्हंजे पानी कढत होतं."

"हो."

"म्या म्हनलं होतं."

"हो."

"अन् तुमी हासले होते."

"हासलो होतो, मावशी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग मले सांगून काय उपेग, बापू? माहे बोटं भाजले होते, मले तं तवाच माहीत होतं. गावाले सांगा."

दुसऱ्या दिवशी पारावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. चहातला थर्मामीटर, बत्तीस, बहात्तर, सगळं. आणि इथे माझ्या आयुष्यभराच्या वात्रटपणानं माझा सूड घेतला. लोक हसायला लागले. स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून मी गावाला इतकं हसवलं होतं, की हाही त्यांना एक किस्साच वाटला. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "वा बापू! म्हातारीची अब्रू झाकायले सोताच्या डोक्यावर घेतलं. मन लय मोठं हाय तुमचं."

मी शपथ घेतली. ते आणखी हसले. पाटील म्हणाले, "इतका शिकलेला मानूस वजाबाकी इसरन काय?"

संध्याकाळपर्यंत गावात माझी कीर्ती वाढली होती आणि मावशी होत्या तिथेच होत्या.

मी बाजारातून शेरभर गहू आणला. म्हटलं, दोन वाटे करून दाखवतो, एक चोपन्नवर, एक बहात्तरवर. पाटील म्हणाले, "बाजारचा गहू कोन्या सालचा कोनाले माहीत? थो तसाही उगवत नाही."

हे मावशींच्या कानावर गेलं. सकाळी त्या स्वतः पारावर आल्या. पदराखाली एक गाडगं होतं. आमच्याकडे बियाची कणगी कधी पूर्ण झाडत नाहीत. तळाशी मूठभर दाणे ठेवतात, कणगी रिती झाली असं होऊ नये म्हणून. ती मूठ पेरत नाहीत, दळत नाहीत, कोणाला देतही नाहीत. त्यांच्या घरातल्या बनशीचं तेवढंच बी आता जगात उरलं होतं.

"नका मावशी," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी करू."

"काय करसान? अजून एक किस्सा सांगसान?"

गाडगं त्यांनी ओंजळीत उपडं केलं आणि दाण्यांचे दोन वाटे केले. मला तेव्हा नीट समजलं, की माझा खरेपणा सिद्ध करायला यातलं अर्धं बी पुन्हा मरायला हवं. आधी मी त्यांचं तीन एकरांचं बी मारलं, आता उरलेल्यातलं निम्मं मारणार होतो. आणि तेही त्यांनीच आणून दिलेलं.

दाणे चार तास भिजले. मग दोन भांड्यांत पाणी तापवलं. चोपन्नवर एक, बहात्तरवर दुसरं. मी लोकांना सांगितलं, "ज्याला शंका असेल त्यानं बोट घालून बघावं." पाटलांनी पहिल्यात बोट घातलं आणि जरा थांबून काढलं. दुसऱ्यात घातलं मात्र, "अगागागा!" करत उडी मारली. कोणी हसलं नाही. ते बोट तोंडात धरून मावशींकडे बघत राहिले.

दोन्ही वाटे फडक्यांत बांधून दहा-दहा मिनिटं बुडवले, मग त्या पुरचुंड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून पाराच्या कट्ट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवल्या. तीन दिवस येणारा-जाणारा पाणी शिंपडत होता. चौथ्या दिवशी पाटलांनी गोणपाट उलगडलं. एका पुरचुंडीतून पांढरे कोंब फडक्याबाहेर आले होते. दुसरीतून आंबूस वास आला.

मावशींनी कोंब फुटलेले दाणे ओच्यात घेतले. दुसरी पुरचुंडीही उचलली. मी हात पुढे केला, म्हटलं मी टाकतो. त्यांनी दिली नाही.

ते कोंब त्यांनी परसात लावले. सगळे जगले नाहीत. जे जगले त्यांच्यावर काणी पडली नाही, हे मी सांगायला नको होतं, पण मी सांगितलं. तीन एकर पेरण्याइतकं बी पुन्हा व्हायला कितीतरी हंगाम लागणार होते, आणि त्याआधीच पुढे माझी बदली झाली. गावातल्या बऱ्याच बायका त्यांना परत बोलवू लागल्या. सगळ्या नाही. एकदा सुटलेला शब्द कणगीत परत भरता येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर आम्हाला मुलगी झाली. मावशी आल्या. न्हाणीजवळ बसल्या, पाय लांब केले, त्यावर लेकराला पालथं घातलं. बायकोनं पाण्याचं घंगाळ पुढं सरकवलं. मावशींनी कोपर पाण्याकडे नेला आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो, चेहरा शक्य तेवढा गंभीर करून.

"कांडी हाय का खिशात?"

होती. मी संकोचत काढली.

"घाला. पाहू द्या मले बी."

मी थर्मामीटर घंगाळात धरला. त्यांनी शेजारी कोपर बुडवला.

"किती म्हनते?"

"अडतीस."

"यातून बत्तीस काढा लागते का?"

"नाही मावशी. यात नाही काढायचे."

"मंग लिहून ठेवा कुठंतरी," त्या पाण्याची पहिली ओंजळ लेकराच्या पाठीवर सोडत म्हणाल्या. "तुमाले इसरायची सवय हाय."

बायको खुदकन हसली. मला मात्र कचेरीतला तो कागद आठवला. 'लाभार्थीच्या हयगयीमुळे.' पारावर मी शपथा घेतल्या होत्या, पण तो कागद दुरुस्त करायला एक ओळ लिहावी लागली असती, आणि ती ओळ साहेबांच्या टेबलावर गेली असती. त्या वर्षी माझं नाव बढतीच्या यादीत होतं. मी मान डोलावली, 'लिहितो' म्हणालो, आणि थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. बढती मिळाली. ओळ लिहायची राहिली, ती ही.